वेषकाराचें चरित्र

कलावंताच्या खाजगी आयुष्याविषयीं वाचकांच्या मनांत जें कुतूहल असतें तें कांहीं आजचें नाहीं. कवि कोणत्या वहींत लिहितो, चित्रकार पहांटे उठतो कीं उशिरां, नटाला विडा प्रिय कीं चहा, हें ऐकावयास आपल्याला गंमत वाटते. आणि नियतकालिकांनीं ही गंमत पुरविण्याचें काम फार दिवसांपासून चालविलें आहे. अलीकडे या चौकशींत एका नव्या वर्गाची भर पडली आहे. वस्त्रें, दागिने, घराची सजावट, जाहिराती इत्यादींची आखणी करणारा जो रचनाकार, ज्याला सर्वत्र 'डिझायनर' म्हणतात, त्याचे छंद कोणते, त्याला स्फूर्ति कोठून मिळते, त्याच्या दिवाणखान्याच्या भिंतींना रंग कोणता, असे प्रश्न त्याला हौसेनें विचारले जातात, आणि तोहि तितक्याच हौसेनें त्यांचीं उत्तरें देतो. प्रवास, संगीत, निसर्ग, आजीच्या पेटींतल्या जुन्या साड्या, हीं उत्तरें आतां इतकीं ठराविक झालीं आहेत कीं, नांव झांकून वाचलीं तर बोलणारा कोण हें ओळखूं येऊं नये.

यावर रसिकांचे दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, कृति पाहावी, कर्त्याच्या घरांत डोकावूं नये. दुसरा म्हणतो, झाडाचें मूळ ठाऊक नसेल तर फळाची पारख कशी होणार? पहिल्या पक्षाचा मला स्वभावतःच ओढा आहे. शेक्सपियरनें आपल्या मृत्युपत्रांत पत्नीला दुसऱ्या प्रतीचा पलंग ठेवला, या एका वाक्यावर पंडितांनीं जितकी शाई खर्चिली तितक्या शाईनें 'हॅम्लेट' वरील एकादा सबंध ग्रंथ लिहून झाला असता. तरीहि रचनाकाराच्या बाबतींत हा पक्ष जशाचा तसा स्वीकारतां येत नाहीं. रचनाकाराचें चरित्र समीक्षकाला उपयोगी पडतें. मात्र त्यांतला जो भाग आपण विचारतों तो बहुधा निरुपयोगी असतो, आणि जो उपयोगी तो आपण विचारीतच नाहीं. हें मत नुसतें तत्त्व म्हणून मांडण्यापेक्षां एका मराठी स्त्रीच्या कार्यावर पारखून पाहावें, असा या लेखाचा हेतु आहे. ती स्त्री म्हणजे कोल्हापुरच्या भानुमती राजोपाध्ये, पुढें भानु अथैया या नांवानें जगाला परिचित झालेल्या वेषकार.

मुंबईच्या उपनगरांत, मालाड आणि गोरेगांव यांच्या पूर्वेस, दिंडोशी म्हणून जो भाग आहे, तेथें राहणाऱ्या माणसाला चित्रपटाचा धंदा दुरून पाहावा लागत नाहीं. सन १९३४ मध्यें हिमांशु राय आणि देविका राणी यांनीं मालाडला बॉम्बे टॉकीज काढली, १९४३ त गोरेगांवांत फिल्मिस्तान निघालें, आणि १९७७ सालीं महाराष्ट्र सरकारनें दिंडोशीशेजारच्या डोंगराळ भागांत चित्रनगरी उभारली. तिला पुढें दादासाहेब फाळके यांचें नांव देण्यांत आलें. कपड्यांच्या पेट्यांनीं भरलेले टेम्पो आणि इस्त्री केलेले पोशाख हातांवर तोलून धरणारे 'ड्रेसदादा' हें या बाजूचें नेहमींचें दृश्य. येथील पोरासोरांनाहि कोणत्या नटानें कोणत्या चित्रपटांत कोणता कोट घातला हें पाठ असतें. पण तो कोट कोणी कल्पिला असें विचारलें, तर चांगल्या वाचत्या घरांतहि उत्तर मिळत नाहीं. नट दिसतो, कोट दिसतो. दोहोंच्या मध्यें उभा असलेला वेषकार तेवढा दिसत नाहीं.

आपल्या शास्त्राची दृष्टि इतकी आंखूड नव्हती. भरतानें अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. त्यांपैकीं आहार्य म्हणजे वेष, अलंकार, रंग अशी बाहेरून आणलेली सामग्री. यांत ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, भरतानें वेषाची गणना अभिनयाच्या साधनांत न करतां अभिनयाच्या प्रकारांतच केली. नट तोंड उघडण्यापूर्वीं त्याचें वस्त्र बोलूं लागतें, हें त्या शास्त्रकारानें ओळखलें होतें. मराठी रंगभूमीलाहि याचें भान होतें. सन १९१३ त स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीचा शालू-पैठण्यांवरील खर्च अनेकांच्या टीकेचा विषय झाला. परंतु बालगंधर्वांच्या पदराकडे पाहून मराठी घरांतील कितीतरी स्त्रियांनीं आपल्या नेसण्याची तऱ्हा बदलली, हा इतिहास आहे. वेष हा इतका प्रभावी अभिनय असेल तर तो घडविणाऱ्याच्या मनाचा शोध घेणें हें समीक्षेचेंच काम ठरतें.

भानुबाईंचा जन्म २८ एप्रिल १९२९ रोजीं कोल्हापुरांत झाला. राजोपाध्ये हें आडनांवच घराण्याचा राजवाड्याशीं असलेला संबंध सांगतें. सात भावंडांत त्या तिसऱ्या. वडील अण्णासाहेब हे चित्रकार होते आणि बाबुराव पेंटर यांच्या चित्रपटांसाठीं त्यांनीं काम केलें होतें. बाबुराव म्हणजे कॅमेरा जुळविण्यापासून जाहिरातीचें चित्र रंगविण्यापर्यंत सारें स्वतःच्या हातानें करणारा पुरुष. त्यांच्या भोंवतीं जें कोल्हापूर उभें राहिलें, त्यांत उच्च कला आणि हातचें कसब यांच्यामध्यें भिंत नव्हती. देवीचें चित्र काढणारा हात पडदाहि रंगवी, आणि त्यांत त्याला कमीपणा वाटत नसे. वडील भानुबाईंच्या लहानपणींच वारले; पण घरांतून मिळावयाचा संस्कार मिळून गेला होता. शिवाय कोल्हापूर हें १९४९ पर्यंत संस्थान होतें. फेटा कोणत्या घराण्याचा, नऊवारीचा कांठ कोणत्या थरांतला, दरबारांत कोणी काय नेसावें आणि देवळांत काय, याचा एक अलिखित कोश अशा गांवांत रस्त्यानें चालतां चालतां वाचावयास मिळतो. ज्याला आपण स्फूर्तिस्थान म्हणतों तें पुष्कळदां असें असतें. ती शोधून काढलेली वस्तु नसून लहानपणीं डोळ्यांना लागलेली संवय असते.

याच कोल्हापुरांतून एका पिढीपूर्वीं रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत आले होते. नाना जातींच्या आणि प्रांतांच्या स्त्रियांचे वेष त्यांनीं ज्या बारकाईनें रेखाटले, ती बारकाई १९२० सालीं प्रसिद्ध झालेल्या, ऑटो रॉथफील्ड यांच्या हिंदी स्त्रियांविषयींच्या ग्रंथांतील चित्रांत पाहावयास मिळते. धुरंधरांची कोळीण आणि त्यांची ब्राह्मण स्त्री यांच्यांतील भेद केवळ चेहऱ्याचा नाहीं. निऱ्या कोठें खोंचल्या आणि पदर किती सैल सोडला यांत तो भेद आहे. भानुबाईंनीं धुरंधरांचें अनुकरण केलें असें मला म्हणावयाचें नाहीं. माणसाची जात, धंदा, वय आणि मिजास त्याच्या वस्त्राच्या चुणीवरून वाचतां येते, ही दृष्टि ज्या गांवच्या आणि ज्या शाळेच्या हवेंत होती, त्याच हवेंत त्या वाढल्या, एवढेंच माझें म्हणणें आहे.

जे. जे. मध्यें त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें, आणि १९४७ त स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह कलावंतांच्या गटाच्या १९५३ मधील मुंबईच्या प्रदर्शनांत त्यांचीं चित्रें मांडलीं गेलीं. ज्या गटांतील पुरुषांचीं नांवें पुढें जगभर झालीं, त्या गटांत एका तरुण मराठी मुलीला स्थान मिळावें, ही गोष्ट लहान नव्हती. तरीहि त्यांनीं चित्रफलक सोडला. स्त्रियांच्या साप्ताहिकांसाठीं त्या वेषांचीं रेखाटनें करीत. त्यांतून प्रत्यक्ष कपडे बेतण्याकडे वळल्या, आणि १९५६ च्या गुरुदत्त यांच्या 'सी. आय. डी.' पासून चित्रपट हेंच त्यांचें कार्यक्षेत्र झालें.

ही अवनति होती काय? चित्रकलेचे कांहीं अभिमानी आजहि हळहळतात कीं, एक चित्रकार आपण शिंप्याच्या हवालीं केला. या हळहळीमागें एक उघड समज आहे: भिंतीवर टांगलेली कला श्रेष्ठ, अंगावर घातलेली कनिष्ठ. पण ज्या घरांतला कर्ता पुरुष लवकर गेला, त्या घरच्या मुलीला उपजीविकेचा प्रश्न बाजूला ठेवून कलेचा विचार करतां येत नाहीं. आणि उपजीविकेसाठीं स्वीकारलेलें काम म्हणजे हलकें काम, असें मानण्याचा अधिकार ज्याचें पोट आधींच भरलें आहे त्यालाच असतो. पुढच्या कामाकडे पाहिलें म्हणजे असें दिसतें कीं, भानुबाईंनीं चित्रकला सोडली नाहीं. त्यांनीं फलक बदलला, आणि हा नवा फलक चालणारा, घाम येणारा आणि दिव्याच्या उजेडांत रंग पालटणारा होता.

आतां कृतींकडे वळूं. 'आम्रपाली' (१९६६) हा लेख टंडन यांचा चित्रपट धंद्याच्या दृष्टीनें फारसा चालला नाहीं. परंतु वैजयंतीमालेच्या त्यांतील वेषानें प्राचीन हिंदुस्थानाचें एक चित्र लोकांच्या मनांत कायमचें बसविलें. त्यासाठीं भानुबाईंनीं अजिंठ्याला जाऊन तेथील भित्तिचित्रांचा अभ्यास केला. येथें इतिहासाचा विद्यार्थी एक आक्षेप घेईल आणि तो योग्य आहे. आम्रपाली बुद्धाच्या समकालीन. अजिंठ्याचीं प्रसिद्ध चित्रें बहुतांशीं वाकाटकांच्या अमदानींतलीं, म्हणजे इसवी सनाच्या पांचव्या शतकांतलीं. दोहोंमध्यें जवळजवळ एक हजार वर्षांचें अंतर. पेशवाईंतील पात्राला चालुक्यांचा पोशाख घालावा तसाच हा प्रकार, मात्र उलट्या दिशेचा.

या आक्षेपाला उत्तर आहे, पण तें पूर्ण उत्तर नव्हे. बुद्धकालीन वस्त्र आज उपलब्ध नाहीं. शिल्पें आहेत तींहि पुढच्या काळचीं. अशा वेळीं वेषकाराला दोनच वाटा राहतात: मनानें कांहींतरी रचणें, किंवा आपल्या परंपरेनें जें सर्वांत जुनें आणि सर्वांत जिवंत असें रंगीत दर्शन राखून ठेवलें आहे त्याचा आधार घेणें. भानुबाईंनीं दुसरी वाट धरली. त्यांनीं अजिंठ्याची उसनवारी केली नाहीं. भिंतीवरची आकृति निश्चल असते, नर्तकीला मात्र वळावें, बसावें, गिरकी घ्यावी लागते. म्हणून भिंतीवरील निऱ्यांचें त्यांनीं शिवणकामांत रूपांतर केलें. इतिहास म्हणून तो पोशाख लटका पडेल. काव्य म्हणून तो खरा आहे. मात्र ही सवलत काव्याचीच आहे हें रसिकांनीं विसरूं नये. त्यानंतर पौराणिक चित्रपटांनीं आणि वधूंच्या शृंगारानेंहि त्या वेषाची जी बेसुमार नक्कल केली, तींत अजिंठा उरला नाहीं आणि आम्रपालीहि उरली नाहीं.

चालू जमान्याचे पोशाख करतांना त्यांची दृष्टि वेगळी असे. 'वक्त' (१९६५) मधील साधनेचा अंगाबरोबरचा कुडता-चुडीदार किंवा 'ब्रह्मचारी' (१९६८) मधील मुमताजची घट्ट नेसविलेली नारिंगी साडी शहरोशहरीं शिंप्यांच्या दुकानांत पोंचली. येथें वेषकारानें समाजाचें अनुकरण न करतां समाजानेंच वेषकाराचें केलें. पण अशा यशांत एक धोका असतो. वस्त्र पात्रासाठीं आहे कीं पाहणाऱ्याच्या डोळ्यासाठीं, हा प्रश्न मग मागें पडतो. 'सत्यं शिवं सुंदरम्' (१९७८) मधील खेड्यांतल्या गरीब मुलीचा वेष पाहतांना, हा वेष तिनें नेसला नसून कॅमेऱ्यानें तिला नेसविला आहे असें वाटल्यावांचून राहत नाहीं. दिग्दर्शकाची इच्छा आणि वेषकाराची विवेकबुद्धि यांचा जेथें झगडा होतो, तेथें विवेकाचा नेहमींच जय होतो असें नाहीं. चांगल्या कलावंताचा गौरव करतांना हेंहि नोंदवावें लागतें.

त्यांच्या कलेचा कळस म्हणजे रिचर्ड ॲटनबरो यांचा 'गांधी' (१९८२). ११ एप्रिल १९८३ रोजीं जॉन मोलो यांच्यासमवेत भानुबाईंना या चित्रपटाच्या वेषभूषेसाठीं ऑस्कर पारितोषिक मिळालें, आणि तें मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. पारितोषिक संयुक्त होतें हें सांगितल्यानें त्याची किंमत उणी होत नाहीं. कोणी असें विचारील कीं, खादी, धोतर आणि पंचा यांत रचना ती काय करावयाची? उत्तर त्या चित्रपटांतच आहे. 'आम्रपाली' च्या वेळीं पुरावा नव्हता. येथें पुराव्याची गर्दी होती. छायाचित्रें होतीं, चलच्चित्रें होतीं, आणि गांधीजींना डोळ्यांनीं पाहिलेलीं हजारों माणसें हयात होतीं. चूक झांकावयास जागा नव्हती. सन १८९३ पासून १९४८ पर्यंतचा काळ, आफ्रिकेंतले हिंदी व्यापारी आणि मजूर, गुजराथेंतला शेतकरी, मुंबईचा पुढारी, सरहद्दीवरचा पठाण, या सर्वांना त्यांच्या त्यांच्या वस्त्रांत उभें करावयाचें होतें. ३१ जानेवारी १९८१ रोजीं दिल्लीच्या राजपथावर अंत्ययात्रेचा जो प्रसंग चित्रित झाला, त्यांत सुमारें तीन लाख माणसें होतीं.

परंतु संख्येपेक्षां महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. बहुतेक चित्रपटांत नायक जसजसा मोठा होतो तसतसा त्याचा पोशाख वाढत जातो. येथें तो कमी होत जातो. पहिल्या वर्गाच्या डब्यांतून ढकलला गेलेला तरुण बॅरिस्टर इंग्रजी सुटांत आहे. १९१५ त मायदेशीं परतलेला गृहस्थ देशी वेषांत आहे. आणि १९२१ नंतरचा महात्मा पंच्यावर आहे. नदीकाठीं एका फाटक्या वस्त्रांतल्या बाईकडे गांधीजी आपलें वस्त्र पाण्यावरून सोडून देतात, तो प्रसंग वाचकांना आठवत असेल. त्या ठिकाणीं संवाद जवळजवळ नाहीं. सगळें कथन एका पांढऱ्या कापडाच्या तुकड्यावर सोंपविलें आहे, आणि तो तुकडा तें कथन पेलतो. भरताला अभिप्रेत असलेला आहार्य अभिनय याहून चांगला दाखवितां येणार नाहीं. चमकदमक करणाऱ्या वेषकाराला हें साधलें नसतें. वस्त्र केव्हां बोलूं द्यावें आणि केव्हां गप्प बसवावें हें ज्या चित्रकाराला कळतें त्यालाच तें साधतें.

'लगान' (२००१) मध्यें हीच समज पुन्हां दिसते. त्याचीहि कथा १८९३ मधली. कच्छच्या भूमीवर चित्रित झालेल्या त्या चित्रपटांत एकाच मळकट मातीच्या रंगांत लोहार, कुंभार, वैद्य आणि कोंबड्या पाळणारा असे निरनिराळे ओळखूं यावयाचे होते, आणि समोर गोऱ्यांचा पांढराशुभ्र संघ. प्रेक्षकाला अकरा नांवें लक्षांत ठेवण्यापूर्वीं अकरा वेष लक्षांत राहतात. या कामासाठीं त्यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. त्यापूर्वीं 'लेकिन' (१९९०) साठींहि तें मिळालें होतें.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. या सर्व कामाचा खुलासा त्यांच्या छंदांच्या यादीनें झाला असता काय? भानुबाईंनीं २०१० सालीं आपल्या कार्यावर एक ग्रंथ लिहिला. त्याचें नांव 'द आर्ट ऑफ कॉस्च्यूम डिझाइन'. प्रथम पुरुषी चरित्राला शोभेल असें आकर्षक नांव त्यांना सहज देतां आलें असतें. त्यांनीं नांव दिलें तें कलेचें. गीतकार सत्येंद्र अथैया यांच्याशीं त्यांचा विवाह झाला होता, त्यांना एक कन्या होती. पण संसाराची कहाणी त्यांनीं बाजारांत मांडली नाहीं. या संयमाकडे कित्येकांनीं तुसडेपणा म्हणून पाहिलें. मला तो एक समीक्षकीय निर्णय वाटतो. आपल्या जीवनांतला कोणता भाग कामांत उतरला आणि कोणता उतरला नाहीं, याचा निवाडा त्यांनीं स्वतःच केला होता. ज्याचें काम डोळ्यांनीं पाहण्याचें आहे त्याचा छंद आणि धंदा वेगळा काढतांच येत नाहीं. बाजारांतली गर्दी, मंदिरांतलें शिल्प, रस्त्यानें जाणाऱ्या बाईच्या कमरेचा ओचा, हें सर्व त्याला विरंगुळाहि असतें आणि अभ्यासहि.

त्यांच्या खाजगी आयुष्यांतली एक गोष्ट मात्र सार्वजनिक आहे, आणि ती आपण सर्वांनीं विचारांत घ्यावयास हवी. २०१२ सालीं त्यांनीं आपली ऑस्करची मूर्ति अमेरिकेंतील अकादमीकडे परत सोंपविली. आपल्या मागें ती येथें सुरक्षित राहील असा भरंवसा त्यांना वाटत नव्हता. शांतिनिकेतनांतून रवींद्रनाथांचें नोबेल पदक २००४ सालीं चोरीस गेलें, याचा दाखला त्यांनीं दिला होता. ही भीति अनाठायीं होती असें म्हणण्याची सोय नाहीं. सप्टेंबर २०१७ मध्यें चेंबूरच्या आर. के. स्टुडिओला आग लागली आणि राज कपूर यांच्या चित्रपटांतील जपून ठेवलेले पोशाख तींत जळाले. १५ ऑक्टोबर २०२० रोजीं भानुबाई मुंबईंत निधन पावल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्या संग्रहांतील चित्रें आणि रेखाटनें लिलावांत निघालीं.

कवीचें घर पडलें तरी कविता उरते, गवयाची ध्वनिमुद्रिका उरते. वेषकाराचें वस्त्र मात्र कसर, वाळवी आणि आग यांच्या तोंडीं असतें. पडद्यावरील छाया उरते, पण वस्त्राची वीण, अस्तर, टांका, कोणत्या कापडाला कोणत्या पाण्यानें रंग चढविला, हें छायेवरून कळत नाहीं. म्हणून वेषकाराला विचारावयाचे प्रश्न वेगळे असले पाहिजेत. हा कांठ कोठें पाहिला? हें कापड कोणत्या विणकराकडून आणलें? कोणता बेत टाकून दिला आणि कां? कोणत्या प्रसंगीं दिग्दर्शकाचें ऐकावें लागलें? आणि शेवटीं, तीं रेखाटनें आज कोठें आहेत? या प्रश्नांचीं उत्तरें ज्या समाजाजवळ असतात त्याला स्फूर्तीच्या गप्पा मारण्याचा हक्क पोंचतो. ज्या शहरांत बहुतेक सारे वेष शिवले जातात आणि ज्याच्या उपनगरांतून ते रोज पेट्यांत भरून जातात, त्या शहरांत ते जपून ठेवणारीं, नोंदणारीं आणि अभ्यासणारीं माणसें निघतील, तर कोल्हापुरच्या त्या चित्रकाराच्या मुलीचें खरें चरित्र लिहिलें जाईल.